पुस्तकाच्या आड लपू नका

वह्या मिटा आणि माना वर करा. आज धडा होणार नाही.

महाशिवरात्रीच्या जत्रेत, मार्कंड्याच्या देवळाच्या आवारात, तुम्ही दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. गावोगावहून आलेल्या बायाबापड्यांसमोर एका मुलीचं नाव घेऊन भांडलात. भांडण तिथंच संपलं असतं तर दोघांना बोलावून चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटवला असता. पण त्याच रात्री ते मोबाईलवर आलं. कुणी तिघांचे फोटो जोडून स्टेटस ठेवलं. कुणी ‘कोण जिंकणार?’ म्हणून मतं मागवली. या वर्गातल्या बहुतेकांनी मत दिलं, मुलींनीसुद्धा. तेव्हापासून ती मुलगी शाळेत आलेली नाही. मानव विकास योजनेच्या निळ्या बसने ती रोज यायची. आता बस तिच्या गावात थांबते आणि तिला न घेता निघते. घरी तिचं नाव शाळेतून काढायची भाषा सुरू झाली आहे.

काल जाब विचारला, तर तुमच्यातला एकजण माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, “मॅडम, तुम्हीच देल्लेल्या पुस्तकात तसंच त आहे.” आणि बाकीचे हसलात.

ठीक आहे. मग पुस्तकाबद्दलच बोलू. मी दिलेलं पुस्तक होतं ‘हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर’. जे. के. रोलिंग यांचं, जुलै २००० मध्ये आलेलं. सात पुस्तकांच्या मालिकेतलं चौथं, म्हणजे नेमकं मधलं. त्यात प्रेम आहे, मत्सर आहे, तीन शाळांची स्पर्धा आहे, हे खरं. पण त्या पुस्तकाला तुम्ही साक्षीला बोलावलंत आणि इथंच फसलात. ते तुमच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. पान उलटून दाखवते.

मुळात तुम्ही ते वाचलंच नाहीत. कोण कुणाबरोबर नाचलं, कोण कुणावर जळलं, एवढंच शोधत पुढे सरकलात. पहिल्या पुस्तकात ही पोरं अकरा वर्षांची आहेत, चौथ्यात चौदा-पंधराची. लेखिकेने प्रेमाचा आणि चढाओढीचा विषय इथं आणला, यामागे विचार आहे. मालिकेच्या पहिल्या भागात सगळं जग नवं असतं. शेवटच्या भागात सगळ्याचा निकाल लागतो. मधल्या भागाच्या वाट्याला नवलाईही येत नाही आणि निकालही येत नाही. तिथं माणसाकडे फक्त त्याचा स्वभाव उरतो, आणि तो उघडा पडतो. पहिल्या पुस्तकात बुद्धिबळाच्या पटावर मित्रांसाठी स्वतःचा बळी द्यायला निघालेला रॉन आठवा. चौथ्या पुस्तकात त्याच मित्राचं, हॅरीचं, नाव स्पर्धक म्हणून अग्निचषकातून बाहेर पडतं, तेव्हा तो जळतो. हॅरीने आपलं नाव चोरून टाकलं आणि आपल्याला सांगितलंही नाही, असं ठरवून तो बोलणं टाकतो. मित्र तोच, मैत्री तीच. पण मधला भाग आला आणि मत्सर वर आला. तुम्हीही आयुष्याच्या त्याच मधल्या पुस्तकात आहात. दहावी मागे पडली, बारावी यायची आहे, पुढचं काही ठरलेलं नाही. म्हणून तर हे पुस्तक तुमच्या हातात ठेवलं होतं. त्यात स्वतःला ओळखाल असं वाटलं होतं. तुम्ही त्यातून सवलत शोधलीत.

आता नाताळच्या नाचाचं प्रकरण घ्या. बाविसावं आणि तेविसावं प्रकरण. स्पर्धकांनी जोडीदारासोबत नाच सुरू करायचा, असा रिवाज आहे. हॅरीला चो चँग आवडते. ड्रॅगनसमोर उभा राहिलेला हा मुलगा तिला विचारायला घाबरतो, दिवस घालवतो, आणि शेवटी विचारतो तेव्हा उशीर झालेला असतो. ती सांगते की तिने सेड्रिक डिगरीला, शाळेच्या दुसऱ्या स्पर्धकाला, आधीच हो म्हटलं आहे. तिला त्याच्यासाठी वाईटही वाटतं. हॅरी काय करतो? ऐकून घेतो आणि परत फिरतो. तिचा रस्ता अडवत नाही. तिच्या मैत्रिणींना निरोप धाडत नाही. सेड्रिकची गचांडी धरत नाही. त्याच्या पोटात कालवाकालव होते, ती तो पोटातच ठेवतो. तुमच्यातल्या एकाने त्या मुलीला विचारलं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं, हे मला ठाऊक आहे. नाही म्हटल्यावर विषय संपतो. तुमचा तिथून सुरू झाला.

हॅरीही धुतल्या तांदळासारखा नाही, आणि पुस्तक तसं म्हणतही नाही. चोमुळे तो सेड्रिकवर मनात डूख धरतो. सेड्रिकने दुसऱ्या फेरीच्या कोड्याबद्दल त्याला मोलाची खूण दिलेली असते: सोन्याचं अंडं घेऊन स्नानगृहात जा. हॅरी ती खूण कितीतरी दिवस वापरत नाही. का, तर ती सेड्रिककडून आली म्हणून. या हट्टापायी त्याच्या तयारीचे मोलाचे दिवस जातात आणि फेरीच्या दिवशी तो कसाबसा वेळेवर तळ्याकाठी पोचतो. मत्सराची किंमत मत्सर करणाराच मोजतो, हे लेखिकेने भाषण न देता गोष्टीतून दाखवलं आहे. तुमच्या डोळ्यांपुढून ती पानं गेली. डोक्यात काही शिरलं नाही.

आणि आता त्या दोघी. पहिल्यांदा ते नाव वाचलंत तेव्हा वर्ग डोक्यावर घेतला होतात: मॅडम, हॉगवर्ट्समध्ये पाटील! पार्वती पाटील आणि पद्मा पाटील, जुळ्या बहिणी. आपल्याकडचं आडनाव इंग्रजी पुस्तकात दिसलं म्हणून आनंद झाला होता ना तुम्हाला? मग सांगा, त्या नाचाच्या रात्री त्या दोघींचं काय झालं?

कुणालाच आठवत नाही. मला वाटलंच होतं.

चो मिळाली नाही म्हणून हॅरी अगदी शेवटी पार्वतीला विचारतो, आणि पार्वती आपल्या बहिणीला रॉनसाठी तयार करते. दोघी नटूनथटून येतात. पहिला नाच सक्तीचा म्हणून हॅरी तो कसाबसा उरकतो आणि जाऊन बसतो. त्याची नजर चोवर. रॉन तर उठतच नाही. त्याची नजर मैत्रीण हर्मायनीवर, ती व्हिक्टर क्रमसोबत आली म्हणून. पद्मा विचारते की तू मला नाचायला नेणार आहेस का. तो तिच्याकडे पाहतही नाही, नाही म्हणून मोकळा होतो. त्या रात्रीसाठी हौसेने आलेली मुलगी खुर्चीत बसून राहते, कारण तिच्या शेजारच्या मुलाला ती नकोच होती, त्याला फक्त रिकामी जागा भरायची होती. शेवटी दोघी बहिणी उठून दुसऱ्या शाळेच्या मुलांबरोबर नाचायला जातात, आणि फार चांगलं करतात.

लेखिकेने त्या दोघींना फार पानं दिलेली नाहीत. पण हा अपमान तिने झाकलेला नाही. जो वाचतो त्याला तो दिसतो. तुम्हाला दिसला नाही, कारण तुमचं सगळं लक्ष कोण जिंकतो याकडे. दोन मुलं एका मुलीवरून झगडतात तेव्हा आजूबाजूच्या किती जणींना वस्तूसारखं इकडून तिकडे सरकवलं जातं, हे पाहायला डोळे लागतात. आडनावाचा अभिमान धरायचा आणि त्या आडनावाच्या पोरींचा अपमान लक्षातही ठेवायचा नाही, हे कसलं वाचन?

हर्मायनीचं ऐका. रॉनला तीन वर्षांनंतर अचानक शोध लागतो की ही मुलगी आहे, आणि तो असं गृहीत धरतो की हिला कुणी विचारलंच नसेल. तिला आधीच विचारलेलं असतं. क्रम हा दुसऱ्या शाळेचा स्पर्धक आणि जगप्रसिद्ध खेळाडू, मुली त्याच्यामागे घोळक्याने फिरतात. तो तिच्याशी बोलायचं धाडस गोळा करण्यासाठी ग्रंथालयात येऊन बसत असे. रॉनला हे कळतं तेव्हा तो तिला काय म्हणतो? तू शत्रूला सामील झालीस. मैत्रिणीने स्वतःच्या मनाने एक निवड केली, ती याला फितुरी वाटली. हर्मायनी त्याला सुनावते की पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी विचारायच्या आधी विचार, आणि नाइलाज म्हणून विचारू नकोस. ते भांडण लेखिकेने रॉनच्या बाजूने लिहिलेलं नाही. तुम्ही मात्र रॉनच्या बाजूने वाचलंत. जत्रेत तुमच्यातला एकजण त्या मुलीला काय म्हणाला, ते मला कळलं आहे. तो शब्द मी या वर्गात उच्चारणार नाही. ती कुणाशी बोलली, एवढाच तिचा गुन्हा होता.

स्टेटस ठेवणाऱ्यांनो, आता तुमची पाळी. मान खाली घालू नका, इकडे बघा.

या पुस्तकात रिटा स्कीटर नावाची एक बातमीदार आहे. ती चोरून ऐकते आणि ऐकलेलं फुगवून छापते. ‘विच वीकली’ नावाच्या मासिकात ती लिहिते की हर्मायनी हॅरी आणि क्रम दोघांच्या मनाशी खेळते आहे. पोरगी पंधरा वर्षांची. त्या लेखात वर्गातल्याच एका मुलीचं, पॅन्सी पार्किन्सनचं, बोलणंही छापलं आहे, की हर्मायनी वशीकरणाचा काढा वापरत असेल. पुढे काय होतं? हर्मायनीला अनोळखी माणसांची शिव्यांची पत्रं येऊ लागतात. एका पाकिटातून झोंबणारा पू अंगावर उडतो आणि तिचे दोन्ही हात फोडांनी भरून जातात. लिहिणारीला तेव्हा काहीच होत नाही. ज्यांनी वाचून मजा घेतली त्यांनाही काही होत नाही. हात भाजतात ते तिचे.

आणि सर्वांत वाईट पुढेच आहे. मिसेस वीजली, रॉनची आई, प्रेमळ बाई, हर्मायनीला चांगली ओळखणारी, तीसुद्धा त्या लेखावर विश्वास ठेवते. ईस्टरला हॅरी आणि रॉनला खाऊची मोठी अंडी पाठवते आणि हर्मायनीला एवढंसं अंडं पाठवते. नंतर हॅरी तिला स्पष्ट सांगतो की असं काही नाही, तेव्हा कुठे तिचा सूर बदलतो. अफवा वाईट माणसांच्या तोंडून फिरते आणि चांगल्या माणसांच्या मनात घर करते. तुम्ही टाकलेलं ते चित्र त्या मुलीच्या काकाने पाहिलं, मामाने पाहिलं, बसमधल्या बायांनी पाहिलं. ती माणसं वाईट नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला, एवढंच.

हॉगवर्ट्समध्ये हर्मायनीचं शिक्षण बंद झालं नाही. आपल्या भागात होतं. एखाद्या मुलीबद्दल चार तोंडांनी बोललं गेलं की सगळ्यात आधी तिची शाळा सुटते. मुलाची सुटत नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर येऊन बसतो, जसे तुम्ही दोघं आता बसला आहात. मुलींनी शिकावं म्हणून सरकारने गावागावांत बस पाठवली, सायकली दिल्या, अठराव्या वर्षाआधी लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. बाप मुलीला बसमध्ये बसवतो तो विश्वासावर. तो विश्वास कमवायला या तालुक्यात किती शिक्षकांचे जोडे झिजले आहेत, ते तुमच्या आयांना विचारा, ज्यांना सातवी-आठवीनंतर घरी बसवलं गेलं. तुम्ही तो एका रात्रीत मोडलात. कशासाठी? ‘कोण जिंकणार?’ या प्रश्नावर अंगठा दाबण्यासाठी.

मुलींनो, तुम्हीही. मत देणाऱ्यांत तुमची नावं मी पाहिली. उद्या तुमच्यापैकी कुणाचा फोटो असाच जोडला जाईल तेव्हा तुम्हाला साथ कोण देणार? पॅन्सी पार्किन्सन होणं फार सोपं आहे.

आता चढाओढीबद्दल. तुमची समजूत अशी की एका मुलीवरून दोघांत चुरस असेल तर ते वैरी झालेच पाहिजेत. या पुस्तकाचा निम्मा जीव या समजुतीच्या विरुद्ध आहे.

हॅरी आणि सेड्रिक एकाच चषकासाठी झुंजतात आणि एकाच मुलीवर दोघांचं मन आहे. शाळेत गट पडलेले आहेत. मॅल्फॉयने बिल्ले बनवून वाटले आहेत, सेड्रिकचं नाव झळकवणारे आणि दाबल्यावर हॅरीला हिणवणारे. तुमच्या स्टेटसची जातकुळी तीच. पोरं ते बिल्ले छातीवर मिरवतात. एवढं असूनही पहिल्या फेरीच्या आधी हॅरीला कळतं की समोर ड्रॅगन येणार आणि हे फक्त सेड्रिकला माहीत नाही, तेव्हा तो काय करतो? गप्प बसला असता तर सेड्रिक बेसावध सापडला असता. हॅरी त्याला गाठून सांगतो. त्याची परतफेड म्हणून सेड्रिक अंड्याची खूण देतो. दुसऱ्या फेरीत तळ्याच्या तळाशी चौघांना बांधून ठेवलेलं असतं, प्रत्येक स्पर्धकाचं एकेक जिवाभावाचं माणूस. हॅरी आपल्या रॉनला घेऊन निघू शकला असता. तो थांबतो, कारण बाकीचे मरतील असं त्याला वाटतं. त्यांत चोही असते. तिला घ्यायला सेड्रिक येतो, तिला घेऊन वर जातो, आणि हॅरीला त्याचं दुःख होत नाही, सुटका वाटते. तिचा जीव वाचतो आहे ना, मग वाचवणारा कोण हा प्रश्न त्या क्षणी त्याच्या मनातही येत नाही. माणसावर जीव असणं याला म्हणतात.

क्रमचं वागणंही आठवा. हॅरी आणि हर्मायनीत काही आहे का, हा संशय त्याला खातो. तिसऱ्या फेरीच्या आधी तो हॅरीला बाजूला बोलावतो आणि सरळ विचारतो. ती माझी मैत्रीण आहे, दुसरं काही नाही, असं हॅरी सांगतो. क्रम विश्वास ठेवतो आणि हॅरीच्या उडण्याची तारीफ करतो. दोन मिनिटांत विषय मिटतो. तुम्ही दोघं एका बाकावर बसणारे, एका ताटात जेवणारे. तुमच्यापैकी एकानेही दुसऱ्याला बाजूला घेऊन विचारलं का? त्यासाठी धीर लागतो. गर्दीत हात उगारायला काहीच लागत नाही.

आणि चक्रव्यूह. तिसरी फेरी. चषक समोर दिसतो आहे, हॅरीचा पाय जखमी आहे, सेड्रिकने चार पावलं टाकली की तो विजेता. तो थांबतो. तू मला दोनदा वाचवलंस, तू घे, म्हणतो. हॅरी म्हणतो, तू घे. ज्याच्यावर वर्षभर जळलो त्यालाच विजय देऊ करणारे हे दोन मुलगे अखेर ठरवतात की दोघांनी मिळून घ्यायचा. तो चषक सापळा निघतो. दोघे एका स्मशानात जाऊन पडतात आणि सेड्रिक मारला जातो. सतरा वर्षांचा मुलगा, काही अपराध नसताना. हॅरीने त्या क्षणी चषक आणि चो यांचा विचार केला असेल का? मरणाच्या दारात तो सेड्रिकचं कलेवर सोडत नाही. ते आईबापांपर्यंत पोचवावं ही सेड्रिकची शेवटची विनंती, आणि हॅरी जीव धोक्यात घालून ती पाळतो. बक्षिसाचे हजार गॅलियन तो आधी सेड्रिकच्या आईबापांपुढे ठेवतो. ते घेत नाहीत, तेव्हा तो ते रॉनच्या भावांना देऊन टाकतो. त्या पैशाला त्याला हात लावायचा नाही.

चढाओढीचा शेवट तिथं झाला. कोण जिंकलं? सांगा ना, तुम्ही मतं मागवणारे. त्या रात्री कोण जिंकलं?

हे एकच पुस्तक उदाहरण म्हणून घेऊ नका. अशा मालिका वाचणारे जगभरचे वाचक याच खड्ड्यात पडले आहेत. ‘हंगर गेम्स’चं मधलं पुस्तक २००९ साली आलं. त्यात नायिका कॅटनिसला दुसऱ्यांदा मरणाच्या आखाड्यात ढकललं जातं, तिचा देश पेटायला लागतो. आणि वाचक तिच्यावर जीव असलेल्या दोघांवरून पीटाचा गट, गेलचा गट करून भांडत बसले. ती जगते की मरते, यापेक्षा ती कुणाची होते हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. इतर लोक चुकले म्हणून तुमची चूक लहान होत नाही.

आणि परक्या पुस्तकाची गरज काय? आपल्या मातीतच पाहा. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, गोंड राजा बीरशहा. देवगडच्या घराण्यात दिलेल्या मुलीचा अपमान झाला म्हणून त्याने जावयावर स्वारी केली आणि त्याचं शिर महाकालीला वाहिलं, अशी कथा या भागात पिढ्यान् पिढ्या सांगतात. शौर्याची म्हणून सांगतात. त्या कथेत बापाचा राग आहे, जावयाचा माज आहे, तलवारी आहेत. त्या मुलीला काय हवं होतं, हे कुणी विचारत नाही. तिच्या नावाने लढाई झाली आणि तीच तिथं मुकी आहे. बीरशहाचाही शेवट घातपातात झाला. मागे उरली राणी हिराई. तिने राज्य सांभाळलं, नवऱ्याची समाधी उभी केली, महाकालीचं देऊळ बांधलं. चंद्रपूरला गेलात तर आजही ते उभं दिसतं. ज्यांनी मानापमानासाठी डोकी उतरवली त्यांच्या गोष्टी उरल्या, जिने बांधलं तिचं काम उरलं. यांतलं काय व्हायचं ते ठरवा.

शेवटचा आरोप. मार्कंड्याच्या देवळाच्या दगडावर खिळ्याने दोन नावं कोरलेली सापडली. त्यांतलं एक त्या मुलीचं आहे. ती तिथं हजर नव्हती, तिला विचारलं नव्हतं. हजार वर्षांच्या आसपासचं हे शिल्प. कनिंगहॅमसारखा संशोधक १८७०च्या दशकात इथल्या देवळांची नोंद करून गेला. वैनगंगा इथं वळून उत्तरेकडे वाहते म्हणून माणसं शेकडो मैलांवरून येतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं हे स्मारक आहे. १९५८च्या कायद्याप्रमाणे त्याला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवा. त्या कारागिरांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. त्यांनी आयुष्य घातलं आणि नाव लावलं नाही. तुम्ही एक खिळा घातलात आणि दुसऱ्याचं नाव लावलंत, तिच्या परवानगीवाचून. याला प्रेम म्हणता?

प्रेम वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. तुमच्या वयात मन ओढलं जाणारच. कुणी आवडणं हा गुन्हा नाही, विचारणं हाही नाही. हॅरीने विचारलं, क्रमने विचारलं, त्यात काही वावगं नव्हतं. आवडणाऱ्या माणसाला मत असतं, ते हो किंवा नाही म्हणू शकतं, आणि ते काहीही म्हणालं तरी त्याची इज्जत आपल्या हातात असते. एवढं कळलं तर तुम्ही मोठे झालात. नाही कळलं तर अठरा पुरी झाली तरी तुम्ही लहानच.

आता काय करायचं ते ऐका.

मोबाईलवरची सगळी चित्रं, सगळे मेसेज आज शाळा सुटायच्या आत पुसायचे. ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी ज्याला ज्याला पाठवलं त्या प्रत्येकाला लिहायचं की हे खोटं होतं आणि आम्ही चुकलो. मिसेस वीजलीला हॅरीने तोंडावर सांगितलं, तसं. ‘डिलीट केलं मॅडम’ एवढ्यावर मी थांबणार नाही.

तुम्ही दोघं एकमेकांशी बोला, आज, वर्गानंतर, माझ्यासमोर. मित्र राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. वैर चालणार नाही.

त्या मुलीच्या घरी कुणी जायचं नाही. घोळक्याने तर मुळीच नाही. मी मुख्याध्यापकांसोबत जाणार आहे, तिच्या वडिलांशी बोलणार आहे, आणि दोष कुणाचा होता ते त्यांना स्वच्छ सांगणार आहे. तुम्हाला माफी मागायची असेल तर लिहून माझ्याकडे द्या. ती वाचेल किंवा वाचणार नाही. माफ करेल किंवा करणार नाही. तो तिचा अधिकार आहे, आणि माफी मागितली म्हणून तुमचा त्यावर काही हक्क बसत नाही.

ज्याने दगडावर नाव कोरलं त्याने उद्या आईवडिलांना घेऊन यायचं. स्मारकाच्या चौकीदाराकडे जाऊन आपण होऊन कबुली द्यायची. मी सोबत येईन. स्वतः दगड घासायला जाऊ नका, त्याने आणखी नुकसान होईल.

आणि हे पुस्तक मी परत घेणार नाही. पुस्तकावर बंदी घाला, असं कालपासून काही पालक म्हणत आहेत. पुस्तकाचा दोष असता तर मीच ते जाळलं असतं. दोष वाचणाऱ्यांचा आहे, म्हणून वाचणारेच पुन्हा वाचतील. पहिल्या पानापासून, एकही पान न गाळता. पंधरा दिवसांनी प्रत्येकाने मला दोन पानं लिहून द्यायची: नाचाच्या त्या रात्री पद्मा पाटील काय विचार करत बसली असेल. तिच्या बाजूने लिहायचं, तिच्या मनात शिरून. ज्याला ते जमेल त्यालाच या वर्गात पुढचं, पाचवं पुस्तक मिळेल.

जा आता. आणि जाताना आधी फोन बाहेर काढा.